सिमेंट न वापरता बागेला दगडी गडगा कसा घालायचा

कोकणात आंब्याच्या कलमांच्या बागेला गडगा, म्हणजे सुक्या दगडांची कुंपणाची भिंत, हवाच, मग बाग देवगडच्या सड्यावर (कातळाच्या माळावर) असो नाहीतर राजापूर-लांज्याकडं डोंगरउतारावर. काट्यांचं कुंपण दरवर्षी नव्यानं करावं लागतं, तारेला खाऱ्या हवेत गंज चढतो, आणि दगड तर आपल्याच जमिनीत पडलेला असतो, कलमांचे खड्डे मारताना ढिगानं निघतो आणि कुठंतरी टाकायचाच असतो. जुन्या माणसांनी घातलेले गडगे आजोबांच्या वेळेपासून उभे असलेले गावागावात दिसतात. आणि त्याच गावात गेल्या चार-पाच वर्षांत घातलेले गडगे पोट येऊन, म्हणजे मधेच बाहेर फुगून, बसलेले पण दिसतात, मग मालक म्हणतो सिमेंट मारलं असतं तर बरं झालं असतं. सिमेंटचा काही संबंध नाही हो. गडगा पोटातून पडतो. बाहेरून दोन्ही तोंडं छान रचायची आणि मधे माती-बारीक खडी घमेल्यानं ओतायची, ही जी पद्धत पडलीय ना, तिच्यामुळं पडतो. हे सगळं लिहायचं कारण तेवढंच, की मधलं काम कसं करायचं ते लोकांना कळावं.

ही विद्या कमी समजू नका. युनेस्कोनं २०१८ साली सुक्या दगडाच्या रचाईची कला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली, त्यात क्रोएशिया, सायप्रस, फ्रान्स, ग्रीस, इटली, स्लोव्हेनिया, स्पेन आणि स्वित्झर्लंड होते, २०२४ मध्ये आयर्लंड, ऑस्ट्रिया, बेल्जियम वगैरे पण जोडले गेले. आपल्याकडं तेच काम घराघरातले गडी करत आलेत आणि त्याला कोणी कला म्हणत नाही, आता तर ते करणारी माणसंच मिळेनाशी झालीत. म्हणून स्वतः शिकून घेतलेलं बरं.

सुरू करायच्या आधी हद्द नक्की करा. मोजणी झालेली नसेल तर भूमि अभिलेखकडून करून घ्या, खुणा बसवताना शेजाऱ्याला बोलवा आणि गडगा खुणेच्या आत, आपल्या बाजूला घाला, पायाची रुंदी धरून. गावाची वहिवाट किंवा पाणंद जात असेल तर ती मोकळी ठेवा, नंतरचं भांडण गडग्यापेक्षा महाग पडतं. दगड बाहेरून खाणीतून आणणार असाल तर गौण खनिजाची पावती मागून घ्या.

आणि सड्यावरचा दगड उचलत असाल तर एक गोष्ट मनापासून सांगतो. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे अशी कितीतरी ठिकाणं, कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत पण गेलीत. कातळावर कुठं कोरलेली रेघ, वर्तुळ, प्राण्याची पाठ असं काही दिसलं तर तिथं पहार लावू नका. झाडून, पाणी मारून, सकाळी नाहीतर संध्याकाळी ऊन तिरपं असताना बघा, रेषा लगेच उठून दिसतात. सुटा दगड भरपूर असतो, कातळ फोडायची गरज नसते.

कामाचा मोसम दिवाळीनंतर ते मेच्या मध्यापर्यंत. भात कापून झालं, माती सुकली, गवत बसलं की दगड दिसायला लागतात. पावसाळ्यात पाया खणलात तर चिखलात दगड बसेल आणि उन्हाळ्यात माती आकसली की सैल होईल.

दगड किती लागेल याचा हिशोब सोपा आहे. गुरं आणि रानडुक्कर अडवायला ४ फूट उंची पुरे (वानरांना कुठलाच गडगा अडवत नाही, त्याची आशा सोडा). ४ फूट उंचीला खाली ३० इंच रुंदी आणि वर १४ इंच, म्हणजे दोन्ही बाजूंनी दर फुटाला २ इंच आत. शिवाय जमिनीखाली ३ फूट रुंद, ९ इंच खोल पाया. हे सगळं धरलं तर लांबीच्या एका फुटाला साडेनऊ ते दहा घनफूट होतं, म्हणजे एका ब्रासमध्ये (शंभर घनफुटांत) साधारण १० फूट गडगा. एका फुटाचं वजन पाचशे किलोच्या घरात जातं, म्हणून पायाला चेंगटपणा करू नका. ढीग बघून नेहमी वाटतं की भरपूर आहे, आणि शेवटी कमी पडतो, विशेषतः माथ्याचे मोठे दगड कमी पडतात कारण ते आधीच कुणीतरी खाली वापरून टाकलेले असतात.

दगड दोन प्रकारचे, जांभा आणि काळा. जांभा खाणीतून ताजा काढला की मऊ असतो, कोयत्यानं पण तासता येतो, हवा लागली की हळूहळू घट्ट होतो. त्याचा खडबडीतपणा गडग्याला फार उपयोगी, दगडावर दगड चावून बसतो, घसरत नाही. पण पोकळ, मातीनं भरलेल्या भोकांचा जांभा पायात किंवा आरपार घालू नका, तो दाबाखाली चुरतो, हातोडीनं ठोकून बघा, भदभद आवाज आला तर तो पोटात भरायला ठेवा. काळा दगड जड आणि टिकाऊ, पण नदीतले गोटे असतील तर ते टाळा, गोल गोटा कुठं बसतच नाही. दोन्ही मिसळले तरी चालतं, काळा खाली आणि जांभा वर.

दगड आणल्या आणल्या वेगळे करा, हा वेळ वाया जात नाही. सगळ्यात मोठे आणि सपाट पायासाठी. दोन-अडीच फूट लांबीचे आरपार टाकायला, हे कमी मिळतात म्हणून दिसेल तो बाजूला काढा आणि कोणाला हात लावू देऊ नका. एक तोंड बरं असलेले रचाईला. मुठीएवढ्यापासून नारळाएवढे पोटासाठी. रुंद चपटे माथ्यासाठी. पायाच्या दोन्ही बाजूंना तीन फूट जागा चालायला सोडून हे पसरून ठेवा, ढीग मारू नका, ढिगातला दगड दिसत नाही.

हत्यारं फार लागत नाहीत. दोन पहारी, टिकाव, फावडं, घमेली, घण, दीड-दोन किलोची हातोडी, छिन्नी, ओळंबा, दोरी. काळा दगड फोडताना डोळ्यावर चष्मा पाहिजेच, त्याची कपची सुरीसारखी उडते. पायात बूट घाला, चप्पल नको. जड दगड उचलायचा नाही, पहारीनं लोळवायचा आणि फळीवरून वर चढवायचा, पाठीचं दुखणं जन्मभर राहतं.

आणि फुरसं, हा छोटा पण विषारी साप. रत्नागिरी, देवगड या पट्ट्यात फुरसं खूप आहे आणि त्याला दगडाखालची जागा आवडते, रंगानं मातीत मिसळून जातं, दिसत नाही. जुन्या ढिगात कधीही हात घालू नका. दगड आधी पहारीनं हलवा, मग पलीकडची कड धरून आपल्याकडं पलटा, म्हणजे उघडलेली बाजू आपल्यापासून लांब राहते आणि खाली काही असेल तर ते पलीकडं निघून जातं. जाड हातमोजे घाला. चावलंच तर बांधाबांध, कापाकाप, मंत्र-बिंत्र करत बसू नका, माणसाला न चालवता सरळ सरकारी दवाखान्यात न्या, सापावरची लस लागते आणि वेळ महत्त्वाचा असतो.

आता पाया. नुसता कातळ असेल तर खणायचं काही नाही, वरची माती आणि शेवाळ खरवडून काढा आणि उतार असेल तिथं छिन्नीनं थोडा खडबडीत करा. लाल माती असेल तर मुरूम लागेपर्यंत खणा, ९ इंचात लागला तर उत्तम, नाही लागला तर फूट-दीड फूट जावं लागेल. तळ ठोकून घट्ट करा. पायात माती परत भरायची नाही, तळाला मोठे दगड आडवे, लांबी आतल्या बाजूला करून बसवायचे, आणि मधल्या फटी लहान दगडांनी गच्च करायच्या. मोठं झाड जवळ असेल तर त्याच्या मुळावर पाया नको, चार-पाच फूट वळसा घाला, फणस-आंब्याचं मूळ जाड होत गेलं की गडगा उचलतं.

उतारावर गडगा खालून वर चढवत असाल तर पाया पायऱ्यांनी घ्या आणि सुरुवात खालच्या टोकापासून करा. थर नेहमी पाण्याच्या पातळीत ठेवायचा, जमिनीच्या उताराबरोबर नाही, नाहीतर सगळा गडगा हळूहळू खाली सरकायला बघतो.

मग साचा. चिव्याच्या (बारीक बांबूच्या) किंवा कुठल्याही सरळ काठ्यांचा, खाली ३० इंच आणि वर १४ इंच रुंदीचा, ४ फूट उंच असा चौकटीसारखा बांधा, असे दोन करा, पंधरा-वीस फुटांवर उभे करा, ओळंब्यानं मधली रेघ बघा आणि दोन्ही बाजूंना दोरी ताणा. थर चढला की दोरी वर सरकवायची. डोळ्यानं सरळ होतं असं म्हणणारे भेटतील, पण नवख्या माणसानं दोरीशिवाय घातलेला गडगा लांबून बघा म्हणजे कळेल.

आता खरं काम, रचाई. इथं घाई करू नका.

पहिली गोष्ट, दगडाची लांबी आत गेली पाहिजे. प्रत्येकाला मोह होतो की दगडाची लांब बाजू बाहेर दाखवायची, कारण जागा पटकन भरते आणि दिसतं पण छान. तसा लावलेला दगड म्हणजे नुसती पातळ कातडी, मागून जरा दाब आला की बाहेर. लांब बाजू पोटात, आखूड तोंड बाहेर. काम सावकाश होतं पण हेच काम आहे.

दुसरी, सांधा तोडायचा. खाली दोन दगडांमधे फट असेल तर वरचा दगड त्या फटीच्या बरोबर वर मधोमध आला पाहिजे, एकावर दोन, दोनावर एक. खालपासून वरपर्यंत एकच उभी फट तीन थर चालली की तिथूनच गडगा उघडणार, हे लिहून ठेवा. दर दोन थरांनी मागं दहा पावलं जाऊन बघा, उभी रेघ दिसली तर तेवढा भाग उतरवून परत लावा.

तिसरी गोष्ट जरा जवळून सांगतो कारण इथंच सगळे चुकतात. दगड ठेवला की त्याच्या चारी कोपऱ्यांवर तळवा टेकून एकेक करून दाबा. हलला, टक् असा आवाज आला, तर तो बसलेला नाही. लगेच समोरून चीप (दगडाची बारीक कपची) मारायची नाही. दगड उचला, खालचा उंचवटा बघा, हातोडीनं तो उडवा, किंवा दगड फिरवून दुसऱ्या अंगानं ठेवून बघा, बऱ्याचदा नुसता फिरवला की बसतो. तरी हलत असेल तर चीप मागून, पोटाच्या बाजूनं सारायची, पाचरीसारखी, जाड कड आत आणि हातोडीचा हलका ठोका. समोरून मारलेली चीप आज घट्ट वाटते, पण उन्हापावसात दगड थोडे हलतात, गुरं अंग घासतात, आणि ती चीप गळून पडते, मग वरचा दगड पुढं झुकतो, मग त्याच्या वरचा. वर्षभरानं गडग्याच्या पायथ्याशी चिपांचा सडा दिसला तर समजा काम समोरून झालंय. आणि दगडाची बैठक किंचित आत झुकलेली असावी, बाहेर उतरती कधीच नको.

एखादा दगड तीन प्रकारे ठेवून बसला नाही तर सोडून द्या, दुसरा घ्या, त्याची जागा पुढं मिळते. एकाच दगडाशी अर्धा तास झुंजण्यात अर्थ नाही.

आता पोट. दोन्ही तोंडांचा एक थर झाला की लगेच, त्याच वेळी, मधली जागा भरायची. तीन थर चढवून मग वरून ओतू असं अजिबात नाही. लहान दगड एकेक करून हातानं बसवायचा, जो जिथं अडकतो तिथं, बोटानं ढकलून बघायचा, हलला नाही पाहिजे. माती नको, रेती नको, बारीक खडी नको. कारण असं, कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो सगळा गडग्यातून जाणार. मोकळा दगड असेल तर पाणी आलं तसं निघून जातं. माती असेल तर ती पाणी पिऊन फुगते, दोन्ही तोंडांना बाहेर ढकलते, मग पाऊस संपला की ती माती खाली वाहून बसते आणि वर पोकळी राहते, पुढच्या वर्षी त्या पोकळीत वरचे दगड घसरतात. पोट येतं ते असं. सिमेंटनं दगडांमधल्या फटी भरल्या तर हेच पाणी आत कोंडतं, आणि वर भिंत कडक झाल्यामुळं पाया जरा बसला की सरळ तडा जातो. सुका गडगा थोडा बसतो, सावरतो, आणि पडलाच तर तेच दगड परत वापरता येतात. सिमेंट लागलेला दगड परत कामाचा राहत नाही.

दोन फूट उंची झाली की आरपार दगड. एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत जाणारा एकच दगड, दर तीन फुटांवर एक. हे दोन्ही बाजूंना एकमेकांशी बांधून ठेवतात, हे नसतील तर तुम्ही खरं म्हणजे दोन वेगळ्या पातळ भिंती शेजारी शेजारी घालताय. तेवढा लांब दगड मिळत नसेल तर दोन लांब दगड दोन्ही बाजूंनी घेऊन मधे एकमेकांवर निम्मे चढवा. दोन-चार इंच बाहेर आला तरी राहू दे, चढायला पायरी होते. ४ फुटांपेक्षा उंच करणार असाल तर साडेतीन फुटांवर आरपारची अजून एक रांग घ्या.

कोपरे आणि बेड्याजवळची (बागेच्या फाटकाजवळची) टोकं यांना सगळ्यात चांगले चौकोनी दगड द्या, एक थर लांबीला, पुढचा रुंदीला, आलटून पालटून. इथं जांभ्याचे घडीव चिरे विकत आणून लावले तरी हरकत नाही, थोडेच लागतात आणि काम पक्कं होतं. बेड्याचे खांब गडग्यात चिणू नका, वेगळे पुरा, नाहीतर फाटक आपटून आपटून गडगा सैल होतो.

पाण्याची वाट बघून ठेवा. जिथून पावसात पऱ्ह्या (ओहोळ) वाहतो किंवा चर आहे तिथं खाली फूटभर रुंद मोरी सोडा, वर लांब चपटा दगड टाकून. पाणी कुठून येतं ते उन्हाळ्यात कळत नाही, म्हणून पावसात बागेत फिरताना खुणा करून ठेवा. मोरीच्या तोंडाशी आणि खाली दगड पसरा म्हणजे माती खणली जात नाही.

माथा. शेवटचा थर जड पाहिजे, रुंद चपटे दगड आरपार, किंवा उभे कडेवर एकमेकांना टेकवून गच्च लावलेले. मला उभे जास्त आवडतात, शेवटचा दगड पाचरीसारखा ठोकून बसवला की पूर्ण रांग आवळली जाते आणि जनावराला वर पाय ठेवायला सपाट जागा मिळत नाही. वरून करवंदीच्या काट्या टाकायच्या असतील तर टाका. माथ्यावर माती घालून झाडं लावू नका, दिसायला बरं वाटतं पण मुळं दगड उचकटतात.

दोन सरावलेली माणसं दिवसाला आठ-दहा फूट करतात, नवख्यांनी निम्मं धरावं. आधी बागेच्या आतल्या बाजूला, कमी महत्त्वाच्या जागी थोडा घालून हात बसवा, मग हद्दीला जा.

एक वेगळी गोष्ट, वरची माती अडवायला भिंत हवी असेल तर तो गडगा नव्हे. तिथं मागून मातीचा दाब येतो, रुंदी उंचीच्या निम्म्याहून जास्त लागते, मागं फूटभर मोकळ्या दगडांची भर लागते आणि पुढचं तोंड जास्त आत झुकवावं लागतं. चार फुटांच्या वर असेल, नाहीतर खाली घर-रस्ता असेल तर इंजिनीअरला दाखवल्याशिवाय हात लावू नका.

देखभाल अगदी थोडी. दरवर्षी पावसाळा संपला की पूर्ण गडग्याच्या बाजूनं एक फेरी मारा. गळलेले माथ्याचे दगड परत चढवा. पिंपळ, वड, उंबराचं रोप फटीत उगवलेलं दिसलं की लहान असतानाच उपटा, मोठं झालं की गडगा उतरवल्याशिवाय निघत नाही. मार्चच्या आधी दोन्ही बाजूंचं गवत पाच-सहा फूट रुंद कापून काढा, वणवा आला तर गडगा आणि साफ पट्टा मिळून तो बागेत शिरायला अडवतात, नुसत्या गडग्याला आग ओलांडून जाते. फटीत मुंगूस, घोरपड, सरडे राहतात, त्यांना राहू द्या, बुजवायला जाऊ नका, उंदीर कमी होतात.

कुठं पोट आलेलं दिसलं तर बाहेरून टेकू लावून किंवा घण मारून आत ढकलायला जाऊ नका, तो दगड आत जात नाही, आतला भराव अजून विस्कटतो. पोटाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट जास्त धरून तेवढा भाग इंग्रजी व्ही अक्षरासारखा वरून खाली उतरवा, माथ्याचे, आरपारचे, तोंडाचे दगड वेगवेगळे ठेवा, आतली माती पूर्ण काढून टाका, आणि घट्ट थर लागला की तिथून दोरी ताणून परत चढवा. पडलेला तुकडा मोकळा ठेवून पुढचा पावसाळा येऊ देऊ नका, उघड्या टोकापासून तो दर पावसाला दोन्हीकडं सुटत जातो.